त्याला साक्ष द्यायला उभं करू नकोस

प्रिय लेकरा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. अमरावतीच्या जेलातून सुटलेला माणूस सलग दोन रविवार उपासनेला आला, सगळ्यात मागच्या सतरंजीवर बसला, आणि दुसऱ्या रविवारी त्याच्या आजूबाजूची जागा मोकळीच राहिली. वर एसटी स्टँडवरचा एक म्हातारा चर्चच्या ओट्यावर झोपायला लागलाय आणि पंच कुरकुरतायत. मंडळीला कसं समजावू, असं तू विचारतोस. मंडळीचं नंतर पाहू, आधी तुझंच बोलू.

त्या माणसाला साक्ष द्यायला, म्हणजे मंडळीपुढे आपली गोष्ट सांगायला, उभं करू नकोस.

तुला मोह होईल. मलाही झाला होता. तुझ्याच वयाचा होतो, खेड्यातली पंचवीस-तीस घरांची मंडळी. सात वर्षं काढून आलेल्या एकाला मी तिसऱ्याच रविवारी पुढे बोलावलं. तो बोलला, खरं तेच बोलला. बाया रडल्या, आणि मला वाटलं, केवढं काम झालं! मंगळवारी कापूसवेचणीच्या वावरातून त्याला परत पाठवलं. 'उद्यापासून येऊ नको बाप्पा.' तो जेलात होता हे मालकाला माहीत होतं, कशापायी होता हे नव्हतं. ते मी लाउडस्पीकरवरून गावाला कळवलं होतं. आठवड्याच्या आत तो निघून गेला. मी दिलेलं ब्लँकेट घडी करून चर्चच्या दारात ठेवलेलं होतं, वर एक दगड, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

ती गोष्ट त्याची आहे. सांगावीशी वाटली तर पाच वर्षांनी सांगेल, नाहीतर कधीच नाही. तू त्याला काम दे. रविवारी सकाळी सतरंज्या झटकणं, माठ भरणं, असं काही, जे कोणीतरी करतोच. दानपेटीजवळ त्याला एकट्याला ठेवू नकोस, पण कोणालाच ठेवू नकोस. पैसे दोघांनी मोजायचे आणि वहीत दोघांच्या सह्या. संडे स्कूलच्या पोरांबरोबर मोठं माणूस एकटं थांबायचं नाही, मग तो तू असलास तरी. नियम सगळ्यांना एकच असला की कोणाला त्याच्याकडे बोट दाखवावं लागत नाही.

आता कागदांचं. त्याला पहिल्यांदा हे विचार, की शिक्षा भोगून सुटला की कच्चा कैदी म्हणून, खटला चालू असताना, जामिनावर बाहेर आहे? जामिनावर असेल तर तारखा चालू असणार, आणि तारीख चुकली की वॉरंट. त्या तारखा तुझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिही. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. हे पुष्कळांना माहीत नसतं, पाळकांनासुद्धा. संचित रजेवर किंवा पॅरोलवर आला असेल तर परत हजर होण्याचा दिवस त्याच्यापेक्षा तूच जास्त लक्षात ठेव. पूर्ण सुटला असेल तर आत केलेल्या कामाची मजुरी हातात असेल, पण रेशनकार्डातून भावानं नाव काढलेलं, आधार कुठल्या पेटीत गेलं ते ठाऊक नाही, असं असतं. तहसीलला त्याच्याबरोबर जा, बाकावर बस. चिठ्ठी देऊन एकट्याला पाठवलंस तर खिडकीवरूनच परत येईल.

जामीन राहशील का, असंही कोणी विचारेल. बायबलात पौलानं अनेसिम नावाच्या दासासाठी त्याच्या मालकाला, फिलेमोनाला लिहिलं, तेही कैदेतून, की ह्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. पण पौल अनेसिमाला ओळखत होता. तू दोन रविवारांच्या ओळखीवर सही करू नकोस.

आणि माणूस पारधी बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतला निघाला, तर आणखी एक. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. १९५२ साली तो कायदा गेला, पण आसपास चोरी झाली की अजूनही पहिल्यांदा कोणाच्या झोपडीवर जीप थांबते हे तुला दिसेलच. ठाणेदाराला आधीच भेटून त्याची ओळख करून दे. उचललाच, तर अटकेची वेळ लिहून घे. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं.

म्हाताऱ्याचं प्रकरण वेगळं आहे. ओट्यावर झोपू द्या म्हणणं सोपं, पण सकाळी तो संडासला कुठं जातो, अंघोळ कुठं करतो, हे कोणी विचारलंय का? पंचांची कुरकुर बहुतेक तिथूनच निघाली असेल. चर्चमागचं न्हाणीघर उघडून दे, एक बादली त्याच्या नावाची ठेव. त्याचं नाव-गाव काढायचा प्रयत्न कर, ठाण्यात कळव. कोणीतरी शोधत असेल. डोक्यानं बरोबर नसेल तर नुसती प्रार्थना करून भागणार नाही. अशा भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पोलिसांवर टाकलंय, आणि गरज पडली तर नागपूरचं मनोरुग्णालय आहे.

गावात 'धर्मांतर, धर्मांतर' असं कुजबुजतील. भाकरीबरोबर पत्रिका देऊ नकोस. जेवून हात धुतल्यावर त्यानं स्वतः काही विचारलं तर बोल. आणि गावकऱ्यांशी बोलताना गाडगेबाबांची आठवण काढ. शेंडगावचा माणूस, आपल्याच जिल्ह्यातला. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, बेघराला आसरा, ही त्यांची यादी बायबलातल्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाशेजारी ठेवून बघ, कितीतरी जुळते. बंदिवान मात्र मत्तयाच्याच यादीत आहे. तेवढा आपल्या वाट्याला आला, असं मी धरून चालतो.

आता मंडळी. मागची बाई सरकून बसली म्हणून प्रवचनातून तिला टोमणा मारू नकोस. घरी जा, चहा घे, ऐकून घे. माझ्याकडे अशीच एक मावशी होती. तिच्या भावाला वावराच्या भांडणात मारलं होतं, आणि मारणारा सुटून आला होता. तिला मी काय समजावणार होतो? तिला मी खिडकीजवळची जागा दिली आणि वर्षभर त्या विषयावर बोललो नाही.

तू स्वतः उपासनेच्या आधी दहा मिनिटं मागच्या सतरंजीवर बसत जा. काही न बोलता. बाकीच्यांना तिकडे यायला किती दिवस लागतील, सांगता येत नाही.

पोळा झाला की मी येतो. आमच्या हिच्याकडे दोन जुन्या सतरंज्या पडून आहेत, त्या घेऊन येईन. उतरवून घ्यायला तू येऊ नकोस, त्याला स्टँडवर पाठव. निळी थैली आणि पांढरी टोपी, एवढी खूण सांग.

तुझा,
काका