आर-टू-आर की चिपवाला डॅक? आधी ॲम्प काय मागतोय ते बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बजेट अडीच लाख, कोथरूडमधला दहा बाय चौदाचा हॉल, सोर्स म्हणजे लॅपटॉप आणि फोन, ऐकणं मुख्यतः शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी, आणि प्रश्न हा की 'ॲनालॉगसारखा' आवाज हवा तर डॅक (डिजिटल फाइलचा ॲनालॉग सिग्नल करणारी पेटी) आर-टू-आर, म्हणजे रेझिस्टरच्या शिडीवर चालणारा, घ्यावा की ईएसएस कंपनीची चिप असलेला. स्पीकर, केबल, सोफा सगळं लिहिलंत, पण ॲम्प कुठला ते लिहिलंच नाहीत, आणि डॅकचा अर्धा निर्णय तर तिथेच होतो.

का ते सांगतो. रूम करेक्शन (खोलीच्या घुमण्यानुसार आवाज सुधारायची सोय) असलेले एव्ही रिसीव्हर आणि हल्लीचे बरेच इंटिग्रेटेड ॲम्प आरसीएवर (नेहमीच्या लाल-पांढऱ्या सॉकेटवर) आलेला ॲनालॉग सिग्नल आत गेल्या गेल्या परत डिजिटल करतात, त्यावर प्रोसेसिंग करतात आणि मग स्वतःच्याच डॅकमधून बाहेर काढतात. म्हणजे तुम्ही अडीच लाखांच्या पेटीतून जे ॲनालॉग काढलं त्याचं पाच मिनिटांत, पाच मिनिटांत कसलं, काही मिलिसेकंदांत पुन्हा डिजिटल झालं. अशा ॲम्पला बाहेरचा महागडा डॅक लावणं हा शुद्ध तोटा आहे, सरळ ऑप्टिकल किंवा यूएसबीने ॲम्पमध्येच घुसा. काही मॉडेलांना प्युअर डायरेक्टसारखा मोड असतो, त्यात हे टळतं, पण मग रूम करेक्शनही बंद पडतं. आणि तुमच्या हॉलला त्याची गरज आहे असं मला वाटतं, त्यावर खाली येतो.

आता समजा ॲम्प साधा ॲनालॉग आहे. तर पुढचा मुद्दा व्होल्टेजचा, जो शोरूममध्ये कोणी काढत नाही. आरसीएवर साधारण २ व्होल्ट आणि एक्सएलआरवर (तीन पिनांच्या बॅलन्स्ड सॉकेटवर) ४ व्होल्ट हे रूढ आकडे, पण हाय-एंडवाले सर्रास अडीच आणि पाच देतात. ॲम्पला फुल पॉवरसाठी अर्धा-पाऊण व्होल्टच लागत असेल तर होतं काय, की व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या आठ-नऊवरच अडकतो, त्याच्या वर गेलं की शेजारी बेल वाजवतात, आणि नॉबच्या त्या तळाच्या भागात डावा-उजवा चॅनल नीट जुळलेले नसतात, गायक मधे बसायच्या ऐवजी एका बाजूला सरकतो. लोक म्हणतात डॅकचं इमेजिंग खराब आहे. डॅक बिचारा बरोबर असतो. म्हणून आउटपुट लेव्हल बदलता येणारा डॅक बघा. कॉर्ड क्यूटेस्टला १, २, ३ व्होल्ट असं निवडता येतं, आरएमईच्या एडीआय-२ डॅकला हार्डवेअरमध्येच लेव्हलचे टप्पे आहेत. (क्यूटेस्टला एक्सएलआर नाही, व्हॉल्यूम नाही, आणि कोॲक्स या डिजिटल इनपुटचं सॉकेट बीएनसी पद्धतीचं आहे, म्हणजे घरातली कोॲक्स केबल ॲडॉप्टरशिवाय लागणार नाही, हे पैसे देण्याआधी माहीत असलेलं बरं.)

बरं, आर-टू-आर. हे भांडण सीडीइतकंच जुनं आहे. १९८२ मध्ये सोनीचा पहिला प्लेअर १६ बिटचा आला, आणि फिलिप्सने मात्र १४ बिटची चिप घेऊन चौपट ओव्हरसॅम्पलिंग (मधे हिशेबाने जादा नमुने घालणं) आणि नॉइज शेपिंगने (गोंगाट ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात सरकवणं) काम भागवलं. आर-टू-आरच्या शिडीमध्ये प्रत्येक बिटला रेझिस्टर असतात आणि त्यांची किंमत तंतोतंत जुळावी लागते. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, तेव्हा सगळ्यात मोठ्या बिटच्या रेझिस्टरमधली चूक साधारण ०.००१५ टक्क्यांच्या आत हवी. बाजारात जे उत्तम म्हणून मिरवतात ते ०.०१ टक्केवाले, नुसत्या त्यांच्या भरवशावर तुम्ही तेरा बिटांच्या थोडं पुढे जाता. म्हणून होलो ऑडिओसारखे लोक शिडीला करेक्शनची वेगळी सोय करतात, आणि ते काम चांगलं करतात. पण खोक्यावर '२४ बिट आर-टू-आर' छापलंय म्हणून २४ बिट मिळतायत असं समजू नका. डेल्टा-सिग्मावाले, म्हणजे ईएसएससारख्या चिपचे डॅक, मुळात या भानगडीत पडत नाहीत, थोड्याच लेव्हल पण मेगाहर्ट्झच्या वेगाने, आणि गोंगाट कानाच्या पट्ट्याबाहेर ढकलून द्यायचा.

मग तो 'गोड' आवाज येतो कुठून? बऱ्याचदा नॉन-ओव्हरसॅम्पलिंग मोडमधून. ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीच्या दर्जाच्या फाइलला फिल्टर न लावता वाजवलं की वरचा भाग आपोआप उतरतो, २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डीबी, १० ला पाऊण डीबी. त्यात थोडं सेकंड हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनाचा सूर) मिसळलं की आपल्याला वाटतं, वा, काय मऊ लागतंय. आवडलं तर जरूर आवडू दे, पण तेवढाच उतार दोन मिनिटांत ईक्यूने (इक्वलायझरने) लावता येतो आणि कंटाळा आला की काढताही येतो. शिडीवालाच घ्यायचा ठरला तर ओव्हरसॅम्पलिंग चालू-बंद करता येईल असाच घ्या, डेनाफ्रिप्स आणि होलो दोघांकडे ती सोय असलेले मॉडेल आहेत.

आकड्यांच्या वेडाबद्दलही दोन शब्द, कारण तुम्ही सिनॅडचा (गोंगाट आणि डिस्टॉर्शन सिग्नलच्या किती डीबी खाली आहे त्या आकड्याचा) तक्ता चिकटवलाय. ११० आणि १२० मधला फरक मोजता येतो, मान्य. पण घरातले बहुतेक ॲम्प ८० ते १०० च्या दरम्यान असतात, आणि स्पीकर जरा जोरात वाजवला की बासमध्ये एक टक्का डिस्टॉर्शन सहज देतो, एक टक्का म्हणजे उणे ४० डीबी. त्यात तुम्ही ऐकणार आकाशवाणीच्या जुन्या टेपवरचे कुमार गंधर्व किंवा तीन-सव्वातीन मिनिटांच्या ७८ आरपीएमवरून उतरवलेली पदं, तिथे हिस्स आणि खरखर आधीच इतकी वर आहे की डॅकचा नॉइज फ्लोअर (स्वतःचा तळाचा गोंगाट) त्याच्या कितीतरी खाली झोपलेला असतो. सीडीच्या ९६ डीबीचीसुद्धा त्या रेकॉर्डिंगला गरज नाहीये. तेव्हा तक्त्यातला पहिला नंबर आणि विसावा नंबर यांच्यात पैसे मोजून निवड करण्यात अर्थ नाही. २०२० च्या ऑक्टोबरात जपानमध्ये एकेएम या डॅक चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली, कंपन्यांनी रातोरात चिप बदलून ईएसएस टाकली, डिझाइन नीट केलेले डॅक तेव्हाही नीटच वाजले.

डेमोला जाल तेव्हा एकच गोष्ट पाळा, लेव्हल जुळवा. एक डॅक २ व्होल्टचा आणि दुसरा अडीचचा असेल तर दुसरा जवळजवळ २ डीबी मोठा वाजतो, आणि मोठा वाजणारा प्रत्येक वेळी जास्त 'खुला' आणि 'जिवंत' वाटतो, आपला कानच तसा आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीतला साधा मल्टिमीटर चालेल. फोनवरून शंभर-दोनशे हर्ट्झचा टोन लावायचा, मीटर एसीवर ठेवून स्पीकर टर्मिनलवर धरायचा, आणि दोन्ही डॅकना आकडा एक टक्क्याच्या आत आणायचा, तेवढ्यात फरक ०.१ डीबीच्या खाली येतो. मग कोणाला तरी न सांगता बदलायला लावा. मटेरियल म्हणून एखाद्या ख्यालाच्या सुरुवातीचा नुसता तानपुरा घ्या, जवारीचे धागे सुटे ऐकू येतायत की एकत्र भुरभुरतायत हे त्यावर जितकं कळतं तितकं भल्याभल्या ऑडिओफाइल डेमो ट्रॅकवर कळत नाही. तुलनेला ॲपलचा तो छोटा यूएसबी-सी डोंगलही ठेवा. दुकानदार हसेल, हसू दे.

लॅपटॉपबद्दल. ॲसिंक्रोनस यूएसबीमध्ये घड्याळ डॅकचं चालतं, लॅपटॉप फक्त डेटा पुरवतो, त्यामुळे तीस हजारांच्या यूएसबी केबलने जिटर (घड्याळाची थरथर) कमी होतो वगैरे गप्पांना पैसे देऊ नका. खरी कटकट अर्थिंगची. थ्री-पिन चार्जर लावला की माउस हलवताना स्पीकरमधून बारीक चिरचिर येते, चार्जर काढला की गायब, ही ग्राउंड लूपची खूण. यावर आपल्याकडे लोक सरळ पिनेची अर्थ तोडून टाकतात, ते चुकूनही करू नका, मेटल बॉडीची पेटी आहे ती, जीव जाईल. आधी वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज तपासून घ्या, मग ऑप्टिकलने जोडा किंवा यूएसबी आयसोलेटर लावा. किंवा नेटवर्क स्ट्रीमर घ्या आणि त्याला साधी शिल्डिंग नसलेली लॅन केबल द्या, लॅनच्या सॉकेटमध्ये ट्रान्सफॉर्मर असतोच. आणि हो, विंडोजमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड चालू केल्याशिवाय सगळं एकाच सॅम्पल रेटला रूपांतरित होऊन जातं, अँड्रॉइडवर यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं ॲप नसेल तर तिथेही तेच. एमक्यूए या ऑडिओ फॉरमॅटसाठी जादा पैसे द्यायचा तर विषयच संपलाय, कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ते वापरणारी टायडल ही स्ट्रीमिंग सेवाही २०२४ मध्ये फ्लॅक फॉरमॅटवर आली.

आता तुमचा हॉल. चौदा फूट लांबी म्हणजे ४० हर्ट्झला खोली घुमणार आणि तिच्या दुप्पट ८० ला पुन्हा, दहा फुटांची बाजू ५६ ला. डग्ग्याचा घुमारा याच परिसरात असतो, त्यामुळे एखादी मात्रा ढोलासारखी फुगते आणि तिच्या शेजारची गायबच होते. हे चढउतार दहा डीबी सहज असतात. ईक्यू नसलेला कुठलाही डॅक, दहा लाखांचासुद्धा, इथे काही करू शकत नाही, व्हिट्रिफाइड टाइल्स आणि काचेच्या स्लायडिंगने वर अजून भर घातलेली असते. यूएमआयके-१ हा मोजणीचा माइक घ्या, रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मोजा. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, समोर जाड गालिचा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्यानेच बराच फरक पडेल. आणि याच कारणाने तुमच्या बजेटमध्ये मी एडीआय-२ कडे झुकतो: आत पॅरामेट्रिक ईक्यू (नेमकी फ्रिक्वेन्सी निवडून कमी-जास्त करता येणारा) आहे, ते ५६ आणि ८० चे फुगवटे तिथल्या तिथे कापता येतात, रात्री हळू ऐकताना लाउडनेस आहे, रिमोट आहे. दिसायला स्टुडिओतलं यंत्र आहे, शोकेसमध्ये मिरवायचं असेल तर निराशा होईल. वर जे पैसे उरतील ते माइक, गालिचा आणि जमलं तर सबवूफरला.

घेताना भारतातल्या अधिकृत डीलरकडूनच घ्या. बाहेरून मागवलेला स्वस्त दिसतो, पण कस्टम्स आणि जीएसटी भरून आणि बिघडला तर परत पाठवायचा खर्च धरून हिशेब करा.

तर ॲम्पचं मॉडेल आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली इनपुट सेन्सिटिव्हिटी (फुल पॉवरसाठी किती व्होल्ट लागतात तो आकडा) टाका, शिवाय स्पीकर मागच्या भिंतीपासून किती इंचांवर आहेत ते टेपने मोजून सांगा. तोवर ॲडव्हान्स देऊ नका.