फिट, अनफिट आणि मधलं काम

यावेळच्या टपालात चार पत्रं अशी निघाली की वाटलं एकाच घरातून आली की काय. दुखणं वेगळं, गाव वेगळं, पण सगळ्यांचा सवाल एकच, आता कामावर जायचं कसं. म्हणून इतर सवाल पुढच्या अंकात, रागावू नका.

सवाल : भाऊ नमस्कार. आमचे हे आर्वीकडच्या एका जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हंजे कापसातली सरकी काढायच्या मशीनवर, कामाले होते. जानेवारीत रेच्यात कापूस अटकला तो काढाले गेले अन् उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळचं अन् मधलं, मुळापासून. दवाखान्याचा अर्धा खर्च मालकानं केला, एक महिना पैसे देल्ले, मंग बंद. आता दिवाळी झाली की सीझन लागते, हे म्हणतेत मी जातो. मालक म्हणते फिट सर्टिफिकेट आण. डॉक्टरनं 'फिट' लिहून देल्लं तर मालक म्हणते फिट हायेस ना, मंग चाल रेच्यावर. रेच्याचा आवाज आला की ह्यायचा हात थरथर कापते. वरून म्हणतेत चूक तुहीच होती, ४० हजार घे अन् स्टॅम्पपेपरवर सही कर. वय ३५, महिन्याले १२ हजार भेटत होते. काय करावं?

जवाब : ताई, सही करू नका. आधी एवढंच, बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता हिशोब घ्या, कागद-पेन घेऊनच बसा. कामावर अपघात झाला की भरपाईचा कायदा १९२३ पासून आहे, आता तो सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये घातलाय, पण आकडेमोड तीच. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद २० टक्के गेली असं कायद्याच्या तक्त्यातच छापलेलं आहे. १२ हजाराचे ६० टक्के म्हणजे ७२००, त्याला कायद्याच्या तक्त्यातला ३५ वयाचा आकडा १९७.०६ ने गुणा, येतात १४ लाख १८ हजाराच्या वर, त्याचे २० टक्के म्हणजे २ लाख ८३ हजार आणि काही रुपये. ४० हजार कुठे अन् हे कुठे! शिवाय दवाखान्याचा पूर्ण खर्च मालकाचा, आणि घरी बसावं लागलं तेवढ्या दिवसांचे दर पंधरवड्याला ३ हजार, ते एका महिन्यात बंद करायचा त्यांना काही हक्क नव्हता. 'हक्क सोडतो' असं कोणी स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं तरी कायद्यात ते टिकत नाही, पण मग ते टिकत नाही हे सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, म्हणून सहीच नको.

'चूक तुझी होती' हे मी कामगार ऑफिसात होतो तेव्हा इतक्या वेळा ऐकलंय की पुसू नका. अहो अटकलेला कापूस मशीन बंद न करता काढतात कारण बंद केलं की मुकादम ओरडते! दारू पिऊन होता, किंवा मुद्दाम मशीनवरची संरक्षक जाळी काढून फेकली, मुद्दाम हुकूम मोडला, असं असेल तर गोष्ट वेगळी. निष्काळजीपणा झाला एवढ्यावर भरपाई जात नाही.

कोणीतरी तुम्हाला ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या ऑफिसात, जा असं सांगेल, तिथं चकरा मारू नका. कापसाचं जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं हंगामी कारखान्यात मोडते आणि हंगामी कारखान्याला ईएसआयसी लागत नाही, आपल्या विदर्भातल्या हजारो लोकांना हे बोट गेल्यावरच कळते. तुमचा रस्ता भरपाई आयुक्ताकडे अर्ज हा. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो, कारखान्यातल्या कामगारालाही मिळतो आणि बाईलाही. अपघाताला दोन वर्षं उलटू देऊ नका.

आता कामावर जायचं. ते 'फिट' लिहिलेलं सर्टिफिकेट परत डॉक्टरकडे न्या. एका शब्दात माणूस मावत नाही बाप्पा. त्यांना सांगा की डॉक्टरसाहेब असं लिहा, उजव्या हातानं किती किलो उचलू शकतो, घट्ट पकड जमते का, फिरत्या मशीनजवळ काम चालेल की नाही, किती तास. असा कागद हातात असला की मालकाशी बोलणं 'येतो की नाही' वर अडत नाही, 'कोणतं काम' वर येते. आणि जिनिंगमध्ये रेचा सोडून काम नसते असं थोडंच आहे, कापसाच्या गाड्या येतात त्यांची काट्यावर नोंद, ओलावा मोजणं, १७० किलोची गठाण बाहेर पडली की तिच्यावर नंबर टाकणं. मालकाला असा कामाला मुरलेला माणूस सीझनमध्ये शोधून सापडत नाही, हे त्यालाही माहीत असते, फक्त तुम्ही आधी बोलायला पाहिजे, दिवाळीनंतर जागा भरल्यावर नाही. एक लक्षात ठेवा, हलकं काम घेतलं म्हणून भरपाईचा हक्क संपत नाही, दोन्ही सोबत चालते.

हात थरथरते त्याची त्यांना लाज वाटत असेल. वाटू देऊ नका, ज्या मशीननं बोटं खाल्ली तिच्याकडे पाहून हात कापणार नाही तर काय होईल. ते इतके महिने जाऊनही कमी झालं नाही, तेव्हा जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा, ते वेडाचे डॉक्टर नाहीत. आणि बोटं गेली त्या जागेला काही लागलं की झिणझिण्या येत असतील, विचारून पहा. फिजिओथेरपीवाले यासाठी एक साधी गोष्ट शिकवतात, जखम पूर्ण भरलेली असली तर डब्यात तांदूळ भरून त्यात हात घालून दहा मिनिटं हलवायचा, सवय झाली की तुरी, मग त्याहून खरबरीत काही. त्यांना एकदा हात दाखवून सुरू करा. शर्टाची बटणं स्वतः लावू द्या, वेळ लागला तरी मध्ये हात घालू नका.

सवाल : गोंदिया जिल्ह्यात माझी राईस मिल आहे, १४ लोक कामाला. एक हमाल वय ४२, मणक्याची गादी सरकली, नागपूरला ऑपरेशन झालं, कामावर नाही घरीच दुखणं निघालं. आता तीन महिने होत आले, तो रोज निरोप पाठवतो. माणूस चांगला आहे पण पुन्हा कंबर गेली तर माझ्यावर येईल अशी भीती वाटते. बाकीचे हमाल पण कुरकुर करतात. ठेवू की नको?

जवाब : भाऊसाहेब, रोज निरोप पाठवणारा माणूस तुम्ही सोडायला निघाले! आधी एक विचारतो, तुमच्याकडून किती निरोप गेले? माणूस घरी पडला की त्याला वाटायला लागते की आपली जागा गेली, आणि मग तो एकतर कायमचा खचतो नाहीतर डॉक्टरच्या आधीच धावत येऊन पोतं उचलतो. मुनीमजीला एक फोन करायला लावा आजच.

कायद्याचं थोडक्यात. दहाच्या वर लोक आहेत आणि राईस मिल काही जिनिंगसारखी हंगामी यादीत नाही, तेव्हा तुमच्या भागात ईएसआयसी लागू असेल आणि त्याचा पगार २१ हजाराच्या आत असेल तर त्याची नोंद असायला पाहिजे. हप्ते नीट भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के तिकडून मिळतात. हा लाभ चालू आहे तोवर त्याला काढता येत नाही. नोंदच केली नसेल तर भीती हमालाच्या कंबरेची नको, तुमच्या स्वतःच्या कंबरेची करा.

खरी गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली, बाकीचे कुरकुर करतात. ती काहून करतात पाहिलं का? तुमची हमाल टोळी पोत्यावर असणार, इतके पोते तितके रुपये आणि संध्याकाळी सारखी वाटणी. आता त्यात एक जण पोतं न उचलणारा घुसला की त्याचं हलकं काम टोळीच्या खिशातून जाते, मग ते प्रेमानं कसे वागतील? म्हणून त्याला काही महिने टोळीतून बाहेर काढा आणि तुमच्या खात्यातून रोजी द्या. कुरकुर आठवड्यात थांबते, मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय.

काम काय द्यायचं, तर पोत्याचं तोंड शिवायची मशीन, चाळणीवर लक्ष, काट्यावर नोंद. पहिले पंधरा दिवस अर्धा दिवस बोलवा. एका जागी दोन-दोन तास उभं किंवा बसून ठेवू नका, कंबरेला ते पण चालत नाही. मग डॉक्टरला विचारून हळूहळू वाढवा, आणि ५० किलोचं पोतं पाठीवर पुन्हा कधी घ्यायचं, की घ्यायचंच नाही, ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडून लिहून आणा. ते लिहिलेलं तुमच्या फायलीत राहू द्या, तुमची भीती त्यानंच जाईल.

आणि नुसतं बसवून ठेवू नका हो. माझा खांदा मोडला होता एकदा, पावसाळ्यात पांदणीत गाडी घसरली. ऑफिसात गेलो तर सगळे म्हणत बसा भाऊ बसा, चपराशी पाणी आणून देई, रजिस्टर मात्र दुसऱ्याच्या टेबलावर. आठ दिवसात मला घरीच बरं वाटायला लागलं.

सवाल : मी एका सरकारी महामंडळात गाडी चालवतो. एका डोळ्याची नजर गेली. ऑफिसमधून म्हणतात ड्रायव्हर म्हणून चालणार नाही, स्वतःहून निवृत्ती घे. १२ वर्षं नोकरी बाकी आहे.

जवाब : घेऊ नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २० पोटकलम ४. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, दुसरं काम त्याच पगारावर द्यायचं, पद रिकामं नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचं. सगळं लेखी मागा. तोंडी कोणी काही म्हटलं तर 'साहेब हेच लिहून द्या' एवढंच म्हणा, बहुतेक साहेब तिथंच चहा मागवतात. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज आजच टाका.

सवाल : मी शेतात रोजीनं जाते. टीबी निघाली, दोन महिने गोळ्या खाल्ल्या, आता बरं वाटते. पण मुकादमबाई कापूस वेचाले टोळीत घेत नाही, म्हणते बाकीच्या बायाले होईन. वावरात पाण्याचा गुंड पण वेगळा ठेवला.

जवाब : बाई, गोळ्या लागू पडल्या असतील तर साधारण दोन आठवड्यांनीच दुसऱ्याला लागायची भीती बहुतेक संपते, तुमचे तर दोन महिने झाले. आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या आणि आशाताईला घेऊनच मुकादमबाईकडे जा, तुम्ही शंभरदा सांगितलं ते ती एकदा सांगेल. गुंडातल्या पाण्यानं टीबी होत नाही, हेही तिलाच सांगू द्या. गोळ्या सहा महिने पूर्ण खायच्या, बरं वाटते म्हणून सोडल्या तर रोग परतून येते आणि मग औषधाला दाद देत नाही. टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देते ते निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात का पहा, नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० झालेत, येत नसतील तर बँकेचं पासबुक घेऊन केंद्रात जा.

वेचणी किलोवर असते म्हणून तुम्ही लवकर जास्त किलोच्या मागे लागाल, ते करू नका. पहिले पंधरा दिवस दुपारपर्यंतच वेचा, कमरेची कापसाची ओटी भरली की बांधावर जाऊन बसा. वजन वाढलं का ते दर महिन्याला आशाताईच्या काट्यावर पहा.