४०० घरांचा प्रकल्प आणि गावचा फाटा: वाहतूक अहवालात नेमकं काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाला लागून ४०० घरांचा प्रकल्प येतोय, बिल्डरच्या वाहतूक अहवालात ‘परिणाम नगण्य’ असा शेरा आहे, आणि हरकत घ्यायची तर कशावर बोट ठेवायचं?

‘गाड्या फार वाढतील’ एवढ्यावर हरकत टिकत नाही. फाट्यावर लक्ष द्या. अहवालात रस्त्याची क्षमता सरळ लांबीवर मोजलेली असते आणि तिथे जागा नेहमीच शिल्लक दिसते. कोंडी होते ती प्रकल्पाची गाडी मुख्य रस्ता ओलांडून वळते तिथे, आणि तीही सकाळच्या पंधरा-वीस मिनिटांत.

म्हणून आधी मोजणी स्वतः करा. मंगळवार ते गुरुवारमधला साधा दिवस घ्या; शाळेची सुट्टी, सण, बाजाराचा दिवस नको. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ७, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना, प्रत्येक वळणाची वेगळी नोंद. दोन माणसं पुरतात. मोबाईल तिवईवर लावून चित्रीकरण ठेवा, म्हणजे आकड्यांवर वाद झाला तर पुरावा हाताशी राहतो. ट्रॅक्टर-ट्रॉली, अवजड गाड्या, सायकली आणि पायी जाणारे वेगळे लिहा. अहवालात हे सगळे बहुधा ‘इतर’ या एकाच रकान्यात कोंबलेले असतात.

समजा मुख्य रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून चार रकाने असे आले: ११०, १६०, २५०, १३०. तासाची बेरीज ६५०. अहवाल हाच आकडा घेऊन पुढे जातो. पण सगळ्यात वाईट पाव तासात २५० गाड्या गेल्या, म्हणजे त्या वेळी रस्ता ताशी १००० च्या दराने वाहत होता. ६५० भागिले १००० म्हणजे ०.६५, हा गर्दीच्या तासाचा गुणांक: १ च्या जवळ असेल तर गाड्या तासभर सारख्या येतात, जितका कमी तितकी गर्दी एकाच पाव तासात. अहवालात तो दिलाच नसेल, किंवा सरसकट ०.९५ धरला असेल, तर पहिली लेखी शंका इथे काढा.

आता प्रकल्पाच्या गाड्या. अमेरिकेतल्या आयटीई या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेचं, कुठल्या बांधकामामुळे किती गाड्या ये-जा करतात याचे दर देणारं मॅन्युअल आहे. त्याच्या ११व्या आवृत्तीत स्वतंत्र घरांसाठी सकाळच्या गर्दीच्या तासाला घरटी सुमारे ०.७ फेऱ्या धरल्या आहेत. त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश बाहेर जाणाऱ्या. ४०० घरांच्या २८० फेऱ्या, बाहेर पडणाऱ्या सुमारे २१०. हा दर डोळे झाकून आपल्याकडे लावू नका. जवळपासच्या तशाच वसाहतीच्या फाटकावर एक सकाळ मोजा आणि येणारा आकडा वापरा. बिल्डरचा दर खूप कमी असेल तर नमुन्याची वसाहत कुठली होती ते विचारा. दाराशी बस आणि चालत जाता येईल असं दुकान असलेल्या शहरी वसाहतीचा दर गावाबाहेरच्या प्रकल्पाला चालत नाही.

दुपदरी मुख्य रस्ता ओलांडून वळायला साधारण ७ सेकंदांची मोकळी फट लागते, आणि त्याच फटीत मागची गाडी निघायला आणखी साडेतीन सेकंद. गाड्या विखरून येतात असं धरलं, तर ताशी ६५० च्या प्रवाहात अशा फटींतून तासाला सुमारे ३९० गाड्या निघू शकतात. १००० च्या प्रवाहात हाच आकडा २३० वर येतो. २१० ला ३९० ने भागलं तर ०.५४, सगळं आलबेल. २३० ने भागलं तर ०.९१. ०.८५ च्या वर गेलं की फाटा हाताबाहेर चाललाय असं अभियंते मानतात, कारण तिथून रांग सरळ रेषेत वाढत नाही. साध्या रांगेच्या सूत्राने ०.५४ ला सरासरी एक गाडी थांबलेली असते; ०.९१ ची स्थिती टिकली तर दहा. सगळ्याच गाड्या ओलांडून वळतात असं इथे धरलंय. काही दुसऱ्या बाजूला वळत असतील तर त्या वजा करा. पण त्या २१० गाड्याही तासभर सारख्या अंतराने येत नाहीत, त्यांचाही स्वतःचा पाव तास असतो. रांग वाढली की लोक चार-पाच सेकंदांच्या फटीत गाडी घुसवतात. अपघात तिथे होतात.

गावाला याची झळ दुसऱ्या वाटेने लागते. फाट्यावर रांग लागली की मोबाईलचा नकाशा गावातला आडरस्ता सुचवतो, आणि अहवालात त्या रस्त्यावर शून्य गाड्या दाखवलेल्या असतात. ३.७५ मीटरच्या एकपदरी रस्त्यावर समोरासमोर आलेल्या गाड्यांना साईडपट्टीवर उतरावंच लागतं. सुरळीत जायला ५.५ मीटर लागतात. मग डांबराची कड तुटते, साईडपट्टी खचते, चरी बुजते, पाणी रस्त्यावर साचतं. शाळेत चालत जाणारी मुलं, गुरं आणि रुंद अवजारं नेणारा ट्रॅक्टर हे सगळे त्याच कडेवर असतात.

इथे बहुतेक गावं ‘रस्ता रुंद करा’ अशी मागणी करतात. माझ्या मते गावातल्या रस्त्यासाठी ती घातक आहे. रुंद रस्त्यावर वेग वाढतो. ताशी ३० किमीला थांबायला सुमारे ३५ मीटर धरतात, ५० ला ६५. शिवाय आडरस्ता सोयीचा झाला की आणखी गाड्या तिकडे वळतात. त्यापेक्षा ठरावीक अंतरावर बाजू देण्याच्या जागा, सलग पायवाट आणि वेगरोधक मागा. रुंदी हवी ती फाट्यावर, वळणाऱ्या गाड्यांच्या स्वतंत्र मार्गिकेसाठी. सिग्नलही मागू शकता, पण त्याने मुख्य रस्त्यावरचे थांबतात, आणि मग ते ओरडतात.

बांधकामाचा काळ लोक विसरतात. दोन हेक्टरवर अर्धा मीटर भराव म्हणजे १०,००० घनमीटर माती. डंपरमागे १० घनमीटर धरले तर १००० भरलेल्या खेपा आणि तितक्याच रिकाम्या. रस्त्याचं नुकसान आसभाराच्या (गाडीच्या एका आसावर येणाऱ्या वजनाच्या) सुमारे चौथ्या घाताने वाढतं, हे अमेरिकेतल्या १९५८–६० च्या आशो रोड टेस्ट या रस्त्यांवरच्या मोठ्या चाचणीतून पुढे आलं. म्हणजे १० टनांचा एक आस १ टनाच्या आसाच्या दहा हजारपट रस्ता खातो. काम सुरू होण्याआधी दर २० मीटरला तारखेसह फोटो काढून ठेवा. डंपरचा मार्ग आणि वेळ ठरवून घ्या, शाळा भरण्या-सुटण्याचा अर्धा तास वगळून. दुरुस्तीसाठी अनामत रक्कम ठेवून घ्या.

आसपास मंजूर झालेले पण न बांधलेले प्रकल्प अहवालात धरलेत का, हेही पाहा. प्रत्येकाचा परिणाम ‘फक्त पाच टक्के’ असतो.

मंजुरी थांबणार नसेल, तर अटींचे शब्द महत्त्वाचे ठरतात. ‘प्रकल्प पूर्ण होताना वळणमार्गिका बांधावी’ ही अट जवळपास निरुपयोगी, कारण शेवटची इमारत वर्षानुवर्षं अर्धवट ठेवता येते. ‘५०व्या घराचा ताबा देण्यापूर्वी वळणमार्गिका, १००व्याआधी पायवाट’ अशी घरांच्या संख्येला बांधलेली अट मागा, आणि ३०० घरं भरल्यावर फाट्याची पुन्हा मोजणी बिल्डरच्या खर्चाने. प्रकल्पामुळे बस परवडण्याइतके प्रवासी मिळणार असतील तर बसथांबाही याच यादीत घाला, पहिल्या ताब्याआधी. लोकांनी एकदा गाडी घेतली की बस रिकामीच फिरते.

हरकत दोन पानांत बसवा: पहिल्यावर मोजणीचा तक्ता आणि वरची आकडेमोड, दुसऱ्यावर फाट्याचा नकाशा आणि मागितलेल्या अटी.