पत्ता अर्धवट असेल तर पार्सल परत पाठवण्याआधी एवढं कर

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. तालुक्याच्या पार्सल वाटपाच्या हबवर नवीन लागलास, रूट यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस-दारव्ह्याकडच्या खेड्यांचा आहे, रनशीटवरच्या, म्हणजे दिवसाच्या वाटप यादीवरच्या, निम्म्या पार्सलांवर ‘मारोती मंदिराजवळ, मु.पो. अमुक’ एवढंच असतं. मॅप प्रत्येक वेळी ग्रामपंचायतीसमोर नेऊन सोडतो आणि इन्चार्ज म्हणतो, “घर सापडत नसेल तर अ‍ॅड्रेस इन्कम्प्लीट मार अन् पुढे चाल.” जुने लोक काय करतात, असं तू विचारलंस. मी या कामात बरीच वर्षं काढली, दारव्ह्याकडेही आणि आर्णीकडेही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घे की आपल्याकडच्या खेड्यात घराला नंबर असतो, पण तो ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत. घरमालकालाही तो पाठ नसतो. तेव्हा ‘पत्ता अपूर्ण’ ही ग्राहकाची चूक नाही. त्याच्याकडे लिहिण्यासारखं तेवढंच असतं, बाकीचं गावातल्या माणसांच्या तोंडी असतं. म्हणून घर शोधायचं काम गावात पोचल्यावर सुरू करू नको. ते हबवर, गाडीला किक मारायच्या आधी करायचं. सकाळी पार्सलं स्कॅन करतानाच लेबल नीट वाचायची सवय लागली की निम्मा त्रास तिथेच संपतो.

पिनकोडपासून सुरुवात कर. नवीन पोरं पिनला गाव समजतात. पिन गावाचा नसतो, वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसचा असतो, आणि खेड्यांत एकाच पिनखाली कितीतरी गावं येतात. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली ती मुळात याच अडचणीसाठी: सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषा, चुकलेली स्पेलिंगं. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांनी दिलेले सहा आकडे आजही लेबलवरची सगळ्यात भरवशाची गोष्ट आहेत, फक्त वाचता आले पाहिजेत. पहिले तीन आकडे जिल्ह्याचे असं आपण धरतो, पण तो टपाल खात्याचा जिल्हा असतो, कलेक्टर ऑफिसचा नाही. ४४४ दिसलं की पोरं अकोला म्हणून मोकळी होतात. अमरावतीही ४४४ मध्ये, वाशीमही ४४४ मध्ये, आणि खामगाव (४४४३०३), शेगाव (४४४२०३) तर बुलढाणा जिल्ह्यातली.

आता आपल्या विदर्भातले खास घोटाळे. लेबलवर नुसतं ‘कारंजा’ असतं. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, ४४४१०५. कारंजा घाडगे वर्ध्यात, ४४२२०३. नुसतं ‘चांदूर’ असेल तर आणखी अवघड, कारण दोन्ही अमरावती जिल्ह्यातच: चांदूर रेल्वे ४४४९०४ आणि चांदूर बाजार ४४४७०४. मधल्या ९ आणि ७ वर सगळं ठरतं, आणि लेबल ओलं झालेलं किंवा चुरगळलेलं असलं तर तेवढंच नेमकं दिसत नाही. मंगरूळपीर, मंगरूळ दस्तगीर, मंगरूळ चव्हाळा ही तीन मंगरूळं. गजानन महाराजांचं शेगाव सगळ्यांना माहीत, पण वरोरा तालुक्यातही एक शेगाव आहे, त्याचा पिन ४४२ ने सुरू होतो. आर्णी आणि आर्वी इंग्रजीत लिहिलं तर एका अक्षराचा फरक. पांढरकवड्याच्या माणसाने फॉर्ममध्ये तालुका केळापूर लिहिला तर ते बरोबरच आहे, तालुक्याचं नाव तेच आहे. दोन वेगळी गावं समजून पार्सल बाजूला काढू नको. याशिवाय बुद्रुक आणि खुर्द. फॉर्म भरताना लोक ‘बु.’ आणि ‘खु.’ हमखास गाळतात आणि मधे नाला असला की पावसाळ्यात या दोन गावांचं अंतर लई वाढते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक प्रकार रोज दिसतो. खेड्यातल्या माणसाला स्वतःचा पिन आठवत नाही, मग तो जिल्ह्याचा ४४५००१ टाकतो. पार्सल यवतमाळला जाऊन पडतं. असं पार्सल फिरून तुझ्याकडे आलं असेल तर ते आधीच उशिराचं आहे, त्याला पहिला नंबर दे. उलट तुझ्या रूटबाहेरचं पार्सल तुझ्या शीटवर आलं असेल तर ते बॅगेत भरूच नको. हबवरच मिसराउट (चुकीच्या रूटवर आलेलं) म्हणून परत दे, म्हणजे ते योग्य हबकडे वळतं.

धरणाच्या पुनर्वसनाची गावं वेगळी लक्षात ठेव. बेंबळ्याकडे आणि भंडाऱ्याच्या बाजूला गोसीखुर्दकडे जुनं गाव एकीकडे, नवीन गावठाण दुसरीकडे, नाव तेच. मॅपने जुन्या जागेकडे नेलं तर पुढे रस्ताच नसतो. तिथे मॅप बंद करून माणसाला विचार.

पिननंतर नाव. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. शॉपिंगच्या अ‍ॅपमध्ये नाव आणि आडनाव एवढे दोनच रकाने असतात. आपल्याकडे माणूस ओळखला जातो बापाच्या नावाने. पुसद-दिग्रसकडच्या एखाद्या तांड्यात गेलास तर राठोड, चव्हाण, जाधव, आडे या तीन-चार आडनावांतच सगळा तांडा बसतो. लेबलवर ‘पी. राठोड’ एवढंच असेल तर पारावर बसलेली माणसं तुलाच विचारतात, “कोनता? कोनाचा?” बायकांच्या पार्सलचं आणखी वेगळं. अकाउंट माहेरच्या नावाचं आणि गावात तिला ओळखतात ते नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने. तिचं लेबलवरचं नाव गावात कोणालाच माहीत नसतं. म्हणून फोनवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव विचारून लेबलवरच पेनाने लिहून ठेवायचं.

फोन गावाच्या वेशीवर पोचून करू नको, निघायच्या आधी कर. सोयाबीन सोंगायच्या आणि कापूस वेचायच्या दिवसांत नऊनंतर घरी म्हातारं माणूस सोडलं तर कोणी नसतं. वावरात रेंज येईलच असं नाही. सकाळी साडेसात-आठला लावलेला फोन उचलला जातो. मी साधारण असं बोलतो:

“भाऊ, दारव्ह्याहून पार्सलवाला बोलून रायलो. तुमचं पार्सल आलं हाय. वडगाव म्हंजे कोनतं वडगाव? जवळचं मोठं गाव कोनतं? अन् गावात तुमाले कोनाच्या नावानं ओयखते?”

“मी वावरात चाललो ना बाप्पा. घरी माय हाय. शाळेच्या मांगं, हापशीजवळ.”

“मारोतीजवळची शाळा का नवीन वस्तीतली?”

हा शेवटचा प्रश्न विसरू नको. मारोतीचं देऊळ प्रत्येक गावात असतं आणि मोठ्या गावात एकाहून जास्त असतात. एकच खूण घेतलीस तर फसशील. दोन खुणा घे, त्यातली एक न हलणारी पाहिजे: पाण्याची टाकी, अंगणवाडी, रेशन दुकान, हापशी, दूध संकलन केंद्र. पानटपरी धरू नको, ती उठून दुसरीकडे जाते.

आणखी एक, फोनवर आधीच सांगून टाक की ओटीपी मी फोनवर मागणार नाही, दारात आल्यावर द्या. ओटीपीच्या फसवणुकीने लोक धास्तावलेले आहेत. अनोळखी नंबरवरून “तुमचं पार्सल आलं” म्हटलं की बरेच जण फोन कापतात आणि मग रनशीटवर ‘कस्टमर नॉट रिस्पॉन्डिंग’ लागतं. हे एक वाक्य आधी बोललं की समोरचा मोकळा बोलतो.

पुण्या-मुंबईच्या पोराने गावातल्या आईबापासाठी मागवलेलं पार्सल तर रोज असतं. लेबलवरचा नंबर पोराचा, ओटीपी त्याच्या मोबाईलवर, आणि दारात माय, जिला काय मागवलं तेच माहीत नाही. अशा वेळी निघतानाच पोराला फोन करून घरातल्या कोणाचातरी नंबर घे आणि “अमुक वाजता मी दारात असेन, फोन उचला” असं सांग. पार्सल मायच्या हातात दिल्यावर तिच्यासमोर स्पीकरवर फोन लाव, तिने “हो, आलं” म्हटल्यावरच पोराकडून ओटीपी घे. सीओडी, म्हणजे पार्सल घेताना पैसे द्यायचे, असं असेल तर पैशाचं आधी ठरवून घे. म्हातारीने डब्यातून नोटा काढून मोजत बसावं आणि कमी पडावे, असं होऊ देऊ नको. त्यात तिचा फार अवमान होतो.

गावात पोचलास की कोणाला विचारायचं हेही ठरलेलं असावं. पारावरच्या घोळक्यापेक्षा आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचा शिपाई, कोतवाल यांना विचार. ही माणसं घराघरांत जातात, त्यांना बापाचं नाव सांगितलं की बोट दाखवतात. किराणा दुकानदारही चांगला. पण पार्सल हातात उंच धरून नाव पुकारत गावात फिरू नको. कोणाच्या घरी काय आलं, किती रुपयांचं आलं, ही गावभर करायची गोष्ट नाही. आणि वस्तीचं नाव घेताना जातीवरून विचारू नको. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. तेव्हापासून कुठे समता नगर, कुठे भीम नगर, कुठे क्रांती नगर असे फलक लागले. जुन्या कागदांवर आणि मॅपवर जुनं नाव दिसलं तरी तोंडातून नवीन नावच निघालं पाहिजे. त्या वस्तीत तू रोज जाणार आहेस.

दार सापडल्यावर “तुम्हीच राठोड ना?” असं कधी विचारू नको. सगळेच “हो” म्हणतात, आणि त्या गल्लीत ते खरंही असतं. “नाव सांगा, वडिलांचं नाव सांगा, काय मागवलं होतं?” असं विचार. उत्तर तुझ्या लेबलशी जुळलं तरच पार्सल पुढे कर. चुकीच्या हातात गेलेलं पार्सल परत मिळवणं घर शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं आणि भरपाई शेवटी तुझ्याच पगारातून निघते. शेजारी किंवा दुकानात ठेवायचं असेल तर ग्राहकाने स्वतः सांगितलं पाहिजे, तेही मेसेजवर लिहून, आणि तुझ्या हबचा नियम चालत असेल तरच.

लोकेशनबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागतोस ते ठीक, पण “घराच्या दारात उभे राहून पाठवा” असं म्हण. नाहीतर माणूस वावरातून किंवा बाजारातून पाठवतो आणि तू पांदण रस्त्यात अडकतोस. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत गाडी घालायची चूक करू नको. शंभर पावलांत चाक आणि मडगार्डच्या मधे माती अशी घट्ट बसते की चाक फिरायचंच थांबतं आणि काडीने खरवडत बसावं लागतं. डांबरी रस्त्यावर थांबून माणसाला बोलाव, कोणी नाही म्हणत नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या एनआरएससी या दूरसंवेदन केंद्रासोबत बनवलेला. देशाचे साधारण चार बाय चार मीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा कोड आहे. विखुरलेल्या घरांसाठी, शेतातल्या कोठ्यांसाठी, कोलाम आदिवासींच्या पोडांसाठी (वस्त्यांसाठी) ही फार कामाची गोष्ट आहे. तरुण ग्राहक दिसला की त्याला पत्त्याच्या ओळीतच हा कोड लिहायला सांग. त्याने तू जागेवर पोचशील. त्या जागेवर कोण राहतं हे मात्र कोडवरून कळत नाही, म्हणून नाव विचारायचं सोडू नको.

मेळघाटाकडे, धारणी-चिखलदऱ्याच्या ढाण्यांत, म्हणजे आदिवासींच्या लहान वस्त्यांत, रेंजच नसते. तिकडचे सोबती शाळेच्या गुरुजींकडे निरोप ठेवतात आणि बाजाराच्या दिवशी माणूस येऊन पार्सल घेऊन जातो. तुझ्या रूटवर असं एखादं गाव असेल तर बाजाराचा वार माहीत करून घे.

आता इन्चार्जचं. त्याच्यावरही टार्गेट असतं, हे मान्य. पण तू फोनही न लावता ‘अ‍ॅड्रेस इन्कम्प्लीट’ किंवा ‘कस्टमर रिफ्यूज्ड’ मारलंस तर पार्सल परत जातं आणि विकणाऱ्याला वाटतं की ग्राहकानेच नाकारलं. आणि त्या खोक्यात काय असतं ते बघ: पोलीस भरतीची पुस्तकं, फवारणी पंपाची बॅटरी, कोणाच्या कानाचं मशीन. तालुक्याच्या बाजारात न मिळणारी वस्तू म्हणूनच माणसाने ती मागवलेली असते. फोन लागलाच नाही, गावात विचारूनही सापडलं नाही, तर खरा रिमार्क टाक, कॉलचा स्क्रीनशॉट ठेव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाव. इन्चार्ज खोट्या रिमार्कसाठी जोर करत असेल तर ते त्याला ग्रुपवर लिहून मागायचं. लिहून द्यायला कोणी तयार होत नाही.

एक वही कर. गाव, वडिलांच्या नावासकट नाव, दोन खुणा, कोणत्या वेळी घरी असतात, एवढंच लिही. महिनाभरात तुझे अर्धे फोन कमी होतील, कारण मागवणारी घरं फिरून फिरून तीच असतात. फोन नंबर मात्र वहीत उतरवू नको, आणि बायापोरींचे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवू नको. अ‍ॅपमधून लाव, काम झालं की विषय संपला. एखाद्याने अशा नंबरवर नको ते मेसेज केले की त्या गावात आपल्या सगळ्यांचेच फोन उचलणं बंद होतं, आणि ते बरोबरच आहे.

पुढच्या ऑर्डरसाठी ग्राहकाला मी ही ओळ पाठवतो, तूही वापर: “पूर्ण नाव वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह, गाव (बु./खु. लिहा), पोस्ट, तालुका, जवळची टाकी किंवा शाळा, घरी राहणाऱ्या माणसाचा नंबर.” दारात पार्सल देतानाच मोबाईल हातात घेऊन त्यांच्या अ‍ॅपमधला पत्ता दुरुस्त करून दिलास तर आणखी चांगलं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या वेळी तो रूट तुझ्याकडे नसला तरी जो पोरगा येईल त्याला ते घर सापडेल.