नावं गाळू नकोस

प्रिय लेकरा,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज वाचला. खासरा पाहणीत, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीत, आजोबांचं नाव निघालं नाही, तहसीलातल्या माणसानं हात झटकले आणि तू थेट देवावर घसरलास: घराण्याची कुठं नोंदच नाही, तर देवाच्या योजनेत मी कुठून असणार? देवाशी भांड, स्तोत्रं लिहिणारेही भांडलेत. पण मत्तयाचा पहिला अध्याय, येशूची वंशावळ, ‘नुसती नावं’ म्हणून सोडून देतोस, ते चालायचं नाही.

नावं गाळू नकोस.

त्यातला यकन्या घे, यहूदाचा राजा, दाविदाच्या वंशातला. तीन महिन्यांचं राज्य, आणि इ.स.पू. ५९७ मध्ये कैदी होऊन बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २२ वा अध्याय उघड. हा माझ्या उजव्या हातातली मुद्रिका असता तरी उपटून टाकला असता, देव म्हणतो. याला निःसंतान लिहा. दाविदाची गादी बुडाली म्हणायची. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या निघाल्यात. यहूदाच्या या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना कोठारातून तेल किती दिलं, त्याचा हिशेब. राजा शिध्यावर आला होता! पण मुलं पाच होती. पुढं नातू जरुब्बाबेल. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा त्याला देवाचं वचन सांगतो: तुला मुद्रिकेसारखा करीन. आजोबाच्या वेळी उपटलेली मुद्रिका नातवाच्या वेळी परत बोटात. तेल मोजणाऱ्या कारकुनाला काय पत्ता, आपण कुणाचा वंश पोसतोय!

देवाचं सार्वभौमत्व म्हणजे काय, ते मला इथं कळलं. प्रवचनं पुष्कळ ऐकली होती.

आता तू म्हणशील, मत्तयानंच योरामानंतरचे तीन राजे गाळलेत. गाळलेत. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग बसवायचे होते त्याला. पण राजे गाळून राहाब आणि रूथ या परक्या लोकांतल्या बाया ठेवल्या, हे का दिसत नाही तुला?

आणि जरुब्बाबेलानंतर? अबीहूद, एल्याकीम, अज्जुर, सादोक, याखीम. यांच्याबद्दल बायबलात दुसरीकडं एक ओळ नाही. गादी नाही, पराक्रम नाही. देवानं दाविदाला दिलेलं वचन मात्र यांच्याच घरांतून मरीयेचा नवरा योसेफ याच्यापर्यंत आलं. म्हणून सांगतो, नावं गाळू नकोस.

नाताळात मी अख्खी वंशावळ वाचतो म्हणून आपल्या मंडळीत कुरकुर असते. तरुण संघानं सुचवलं, येशूच्या जन्माची गोष्ट सुरू होते त्या अठराव्या वचनापासून वाचा. नाही वाचणार. म्हातारा हट्टी आहे म्हणतात, म्हणू देत. आजीला तिच्या माहेरची, बाप्तिस्म्याआधीची माणसं विचारायची राहून गेली. आता सांगणारं कुणी उरलं नाही. त्यानंतर एकही नाव सोडवत नाही मला.

एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाच. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या काही याजकांनी आपली वंशावळ शोधली, सापडली नाही. याजकपण अडलं त्यांचं. पण परतणाऱ्यांच्या यादीत ते आहेतच, यरुशलेमेची वाट चालून आलेले.

देव सार्वभौम आहे म्हणून तू घरी बसायचं, असं कुठं लिहिलंय? खासऱ्यात नाही तर त्याआधीचे, निजामाच्या काळातले कागद काढायला लाव. उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस सोबत ने. अर्ज लेखी दे, पोच घे. आजोबांच्या भावांची नावं आत्याकडून आजच लिहून घे, तिचं वय झालंय.

तुझा,
काका