मिश्री लावणाऱ्या मुलींची यादी मागतात तेव्हा

ताई, कवठेमहांकाळकडच्या शाळेतली तुमची अडचण वाचली. नववीच्या मुलींच्या स्वच्छतागृहात मिश्रीची, म्हणजे दात-हिरड्यांना लावायच्या भाजक्या तंबाखूची डबी सापडली, त्याच आठवड्यात 'व्यसनी विद्यार्थ्यांची नावानिशी माहिती' मागणारा तक्ता आला, मुख्याध्यापक म्हणतात सोमवारपर्यंत भरून द्या, आणि शनिवारी व्यसनमुक्तीवर तासभर बोलायचं कामही तुमच्याच गळ्यात. तक्त्याचं वाचून कपाळावर हात मारला, कारण असाच तक्ता आमच्याकडे येऊन गेलाय. तंबाखूने काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. आधी यादीचं बघू.

यादी देऊ नका. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण एवढं करा.

आमच्याकडे ज्या कार्यालयाने तो तक्ता काढला त्याचं नाव घेत नाही, तिथली माणसं बदलली तरी खुर्ची तीच आहे. रकाने असे होते: विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, व्यसनाचा प्रकार, पालकांचा मोबाइल. 'गोपनीय' हा शब्द कुठेच नव्हता. भरलेले तक्ते फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सांगितले. तिथून ते गावात पोचायला एक संध्याकाळ पुरली. मुलग्यांना घरी मार बसला आणि विषय मिटला. मुलींचं तसं होत नाही. मिश्रीवरून नाव झालं की घरात आधी शाळा बंद करायची भाषा सुरू होते आणि पाठोपाठ स्थळं बघायची. ज्या मुली शाळेत राहिल्या त्यांनी तोंड मिटून घेतलं. पुढे दात तपासायला पथक आलं तर त्याच दिवशी नेमक्या गैरहजर. ज्यांना तपासायचं होतं त्याच हाती लागल्या नाहीत. जाब विचारला तर उत्तर काय, 'माहिती वरून मागवली होती.' वरून म्हणजे कुणी, कोणत्या पत्राने? ते पत्र आजतागायत कुणाच्या नजरेला पडलेलं नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना दोन गोष्टी शांतपणे सांगा. एक, नावं मागणारं पत्र जावक क्रमांकासह लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच प्रकरण थंड होतं. दोन, उद्या एखाद्या मुलीचा बाप शाळेत येऊन उभा राहिला तर त्या यादीखाली सही तुमची असणार आहे. दुसरा मुद्दा चटकन पटतो. तक्त्याऐवजी एवढंच पत्र द्या: 'इयत्ता ८वी ते १०वीच्या विद्यार्थ्यांची निनावी पाहणी केली. उत्तरे देणारे एकूण इतके. गेल्या ३० दिवसांत कोणताही तंबाखूजन्य पदार्थ वापरल्याचे इतक्यांनी नोंदवले. वैयक्तिक ओळख पटेल अशी माहिती घेतलेली नाही.' यात कुणी खोट काढली तर सांगा की किशोरवयीनांची जागतिक तंबाखू पाहणीसुद्धा निनावीच असते. २०१९च्या त्या पाहणीत देशातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरणारी निघाली, ती कुणाचंही नाव न विचारता.

निनावी पाहणी करायची तर नीट करा, नाहीतर ती नावाचीच निनावी. कागद एकसारखे, लिहायला शाळेच्याच सारख्या पेन्सिली, उत्तरं फक्त खुणांची. अक्षर दिसलं की ओळख पटली. प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' हा पर्याय हवा आणि 'नाही म्हणणाऱ्यांनी पुढचे प्रश्न सोडावेत' असली सूचना नको. तसं केलं की ज्या मुलीची पेन्सिल जास्त वेळ चालते ती शेजारणीला कळते. पदार्थांची नावं वेगवेगळी छापा: मिश्री किंवा मशेरी, मावा, गुटखा, सुगंधी सुपारी, तपकीर, सिगारेट, विडी. नुसतं 'तंबाखू खाता का' विचारलंत तर मिश्री लावणारी मुलगी अगदी प्रामाणिकपणे 'नाही'वर खूण करते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. पाच प्रश्न पुरे. पहिल्यांदा कुणी दिलं, हा प्रश्न मात्र ठेवाच. पेटी मॉनिटरच्या हातात देऊ नका. मोजणी शाळा सुटल्यावर करा, बेरीज वहीत घ्या आणि कागद फाडून टाका. एखाद्या वर्गात मुली दहाच्या आत असतील तर त्या वर्गाचा आकडा वेगळा दाखवू नका, एकूणात मिसळा.

आता शनिवारचा तास. कॅन्सरग्रस्त जबड्यांची चित्रं भिंतीवर लावू नका, हे माझं ठाम मत. चौदा वर्षांच्या मुलीला वीस वर्षांनंतरची भीती लागू पडत नाही. ती चित्रं बघून ज्यांचं काही बिघडलेलं नाही त्यांनाच मळमळतं. शिवाय आपल्या शाळांमधल्या फलकांवर फुली मारलेली सिगारेट असते. २०१६-१७च्या प्रौढांच्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. आपण बोलतो सिगारेटवर आणि घरात भाजला जातो तंबाखू.

मुला-मुलींचे तास वेगळे घ्या. मुलींच्या तासाची सुरुवात एका प्रश्नाने करा: आजी तव्यावर काय भाजते, ज्याच्या वासाने घरभर ठसका लागतो? उत्तर वर्गातूनच येतं. तंबाखूचं पान काळं होईपर्यंत भाजून चुरलं की मिश्री झाली, हे एकदा त्यांच्याच तोंडून आलं की निम्मं काम झालं. (प्रात्यक्षिक म्हणून वर्गात तंबाखू भाजू नका. हसू नका, असा उत्साह दाखवणारे असतात.) मग हिरडीतून निकोटीन रक्तात कसं जातं ते सांगा. रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणून सकाळी लावलेल्या मुलीला मधल्या सुट्टीपर्यंत चैन पडेनासं होतं, गणितात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. हे आजचं दुखणं आहे आणि ते तिला पटतं.

त्यानंतर तपासणी, आणि ती सगळ्यांनी करायची, म्हणजे कुणीच वेगळं पडत नाही. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं, तर्जनीपासून अनामिकेपर्यंत, एकावर एक उभी धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघायची. तीन जातात तर ठीक. दोनच जात असतील तर दातांच्या डॉक्टरांकडे पाठवा, हसण्यावारी नेऊ नका. हे जास्त करून सुपारी आणि मावा खाणाऱ्यांत दिसतं, तोंडातलं आवरण आतून घट्ट होत जातं. त्याच्याही आधीची खूण म्हणजे तिखटाची आग. रोज ठेचा-भाकरी खाणारं पोरगं अचानक आमटीलाही हाय-हाय करायला लागलं तर तोंड बघा. मिश्रीची खूण हिरडीशी असते: दाताच्या मुळाशी काळपट रेघ, हिरडी खाली सरकलेली, उजव्या तर्जनीचं टोक काळवंडलेलं. पांढरा चट्टा पुसून जात नसेल किंवा फोड दोन आठवड्यांत भरला नसेल तर वाट बघत बसू नका.

ज्या मुली सोडायला तयार होतील त्यांना पहिल्या आठवड्याचं आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी परत डबी उघडते. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग उतरत जातो, दोन ते चार आठवड्यांत निवळतो. डोकं दुखणं, राग, भूक, झोप उडणं हे ठीक, ते सगळेच सांगतात. मिश्रीवाल्यांची खरी अडचण पोट साफ न होण्याची असते आणि त्याबद्दल मुली लाजेने बोलत नाहीत. निकोटीन आतड्याला ढकलत असतं. ते थांबलं की काही दिवस बद्धकोष्ठ होतो आणि आजी म्हणते, 'बघ, म्हणून लावावी लागते.' सकाळी उठल्या उठल्या दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, हंगाम असेल तर पेरू. उठल्यावर लगेच ब्रश, म्हणजे बोट हिरडीकडे जायची वेळच टळते. तलफ आली तर ती काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरती लवंग, वेलची किंवा बडीशेप तोंडात टाकायची. सुपारी नाही, गोडसुद्धा नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तिच्यात तंबाखू असायची गरज नाही. निकोटीनचं च्युइंगगम मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका. मी डॉक्टर नाही, ते काम डॉक्टरांचं. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ हा मोफत आहे. ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक' असतं, ते १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठीच आहे. तिथे समुपदेशक कोणत्या वारी असतात ते आधी फोन करून विचारा, पोरीचा हेलपाटा नको.

एक सावधगिरी. मुलीला 'तू सांगशील ते कुणालाच कळणार नाही' असं सरसकट वचन देऊ नका. मिश्रीची गोष्ट तुमच्याकडे राहू शकते. पण बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचं काही बाहेर आलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. हे तिला आधीच सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांकही वर्गात लावून ठेवा.

आयांची सभा घ्यायची म्हणता, तर दुपारी दोनला ठेवू नका. तुमच्या भागात द्राक्षाच्या फळछाटणीपासून बायका रोजगाराला जातात. सुट्टीत मुलीही विरळणी-डिपिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला आणि घड औषधात बुडवायला जातात आणि मिश्रीची ओळख बऱ्याचदा बांधावरच्या विश्रांतीत होते. संध्याकाळी साडेसातनंतर, अंगणवाडीत, आशाताईंना घेऊन बसा. कुणाच्या पोरीचं नाव काढू नका. दोनच मागण्या करा: दात दुखतो म्हणून पोरीला मिश्री लावायला देऊ नका, दाताला कीड असेल तर मिठाच्या कोमट पाण्याने चूळ आणि मग डॉक्टर. आणि तिला दुकानातून पुडी आणायला धाडू नका. आईला कायद्याचा धाक दाखवणाऱ्यांचा मला राग येतो. बाल न्याय कायद्याच्या ७७व्या कलमात मुलांना तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे हे खरं, पण तो धाक पुडी विकणाऱ्यासाठी राखून ठेवा.

जाता जाता, लोहाच्या गोळीबद्दलही तुम्ही विचारलंय. आठवड्याची निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, खिचडी झाल्यावरच द्या. उपाशीपोटी दिली की एकीला उलटी होते आणि तिचं बघून दहा जणी आडव्या होतात. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही, हे आधी सांगा. चहा तासभर नको. आणि घरी नेऊन खाते म्हणणारीवर विश्वास ठेवू नका, ती गोळी कुंपणापलीकडे सापडते.

शेवटी टपरी. शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. हे अंतर संरक्षक भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजायचं असतं. मोजायला येणारे मात्र फाटकापासून रस्त्याच्या वळणाने फीत धरतात आणि टपरी आपोआप हद्दीबाहेर जाते. तुम्ही आधीच मोजून ठेवा, हाताने नकाशा काढा, त्यावर कोणत्या कोपऱ्यापासून किती मीटर ते लिहा, दोन शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सदस्याची सही घ्या. अर्ज पोलीस ठाण्याला, प्रत ग्रामपंचायतीला. गुटखा मिळत असेल तर अन्न व औषध प्रशासनाला वेगळा अर्ज, कारण राज्यात गुटखाबंदी २०१२पासून आहे आणि ती शंभर यार्डांपुरती नाही. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. नुसतं तोंडी 'बघतो' मिळालं तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. आणि फीत धरायला मुलांना नेऊ नका, टपरीवाला त्यांच्याच गल्लीतला असतो.