आजाराचं निदान महत्त्वाचं की समोरच्या माणसाचं म्हणणं?

तुम्ही विचारलंय, की मानसशास्त्राच्या वर्गात निदानाचे निकष पाठ करून घेतात आणि प्रॅक्टिकमला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाला, सुपरव्हायजर म्हणतात, "लेबल विसरा, माणसाचं ऐका", तर मग थेरपिस्टने नक्की करायचं काय? मी चौदा वर्षं थेरपी करतेय आणि हा पेच मला अजूनही पडतो.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. नवरा जाऊन पाच महिने झालेल्या एक बाई आल्या. पीएचक्यू-९ हा नैराश्य मोजायचा फॉर्म भरून घेतला, स्कोअर २७ पैकी १८. झोप नाही, भूक नाही, कशात रस नाही. सगळं निकषांत चपखल बसत होतं. निघताना दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "यांचा फोन मी अजून रोज रात्री चार्जिंगला लावते." त्या फॉर्मच्या नऊ प्रश्नांत हे कुठे लिहिणार? पुढचे दोन महिने आमचं बोलणं त्या फोनभोवतीच फिरत राहिलं.

आता पुस्तकं काय म्हणतात बघा. डीएसएमच्या, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाच्या, चौथ्या आवृत्तीत जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने अशा लक्षणांना सहसा नैराश्याचा आजार म्हणत नसत. २०१३ मध्ये पाचव्या आवृत्तीने ही सवलत काढून टाकली. शोकातसुद्धा खरंखुरं नैराश्य येऊ शकतं आणि त्यावर उपचार अडू नयेत, हा त्यामागचा युक्तिवाद मला पटतो. पण २०२२ च्या सुधारित आवृत्तीत दीर्घकालीन शोक हे वेगळं निदान आलं. तिथे मोठ्या माणसांसाठी किमान १२ महिन्यांची अट आहे, आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ६ महिन्यांची. म्हणजे याच बाई आठव्या महिन्यात एका पुस्तकाप्रमाणे आजारी ठरू शकतात आणि दुसऱ्याप्रमाणे नाही! ही रेषा कुठल्या रक्ततपासणीतून आलेली नाही, तज्ज्ञांच्या समितीने आखलेली आहे. निदान लिहिताना मी हे विसरू शकत नाही.

तरीही "निदान वगैरे सब झूट" म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. एक तरुणी यायची. सतत थकवा, मन लागत नाही, वजन वाढलेलं, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते. आठ सेशन्स आम्ही तिच्या कडक वडिलांबद्दल बोललो. तिलाही ते पटत होतं, रडायची, मोकळी व्हायची. नवव्या वेळी केस गळतात म्हणाली, तेव्हा कुठे मी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड बरंच कमी निघालं. वडिलांबद्दलचं दुःख खोटं नव्हतं, पण तिला सकाळी अंथरुणातून उठू देत नव्हतं ते थायरॉइड. दोन महिने वाया गेले, माझ्यामुळे. तेव्हापासून पहिल्याच भेटीत रक्ततपासणी कधी झाली ते विचारते. आणि उन्मादाची शंका आली, माणूस चार-चार रात्री झोपेशिवाय उत्साहात असला, तर त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे पाठवते. तिथे औषधाला पर्याय म्हणून गप्पा मारत बसणं मला गुन्हा वाटतो.

फॉर्मबद्दलही माझं मत बदललंय. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. पाच भेटींत तोंडातून अवाक्षर न काढलेल्या एकाने तिथे मुकाट्याने खूण केली होती. समोर बसून सांगायला लाज वाटली असती, असं तो नंतर म्हणाला.

विम्यासाठी किंवा डॉक्टरांना पत्र देताना निदान लिहावंच लागतं. तो कागद मी क्लायंटला आधी वाचून दाखवते आणि विचारते, "हा शब्द ऐकून काय वाटलं?" एकजण म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाहीये तर!" दुसऱ्याचा चेहरा पडला. "आता हे जन्माचं का?" शब्द तोच, 'नैराश्य'. त्या दिवशीचं सेशन कुठून सुरू करायचं ते या उत्तरावरून ठरतं.

पुढची केस लिहाल तेव्हा हे करून बघा: आधी निदानाचा एकही शब्द न वापरता एक पान लिहा, मग निकष उघडून त्या पानात काय निसटलंय ते शोधा. या दोन्ही गोष्टी सुपरव्हायजरना दाखवा.